वडीवरचा लाल अंगठा

वैजनाथ मोरीत उभा राहून शर्ट घासत होता. हळदीचा पिवळा डाग काढायला त्यानं साबण लावला, तर डाग जायचा राहिला बाजूला, तो लालभडक झाला.

"मॅडम, तुमच्या नाश्त्यानं माझा शर्ट खाल्ला," तो तिथूनच ओरडला.

"उन्हात टाका, जाईल," प्रियंका घुगे म्हणाली आणि हातातल्या वडीचा दुसरा तुकडा मोडला.

अख्खं हिंगोली ज्या वडीला हात लावायला घाबरत होतं, ती ही बाई पोह्यांच्या जागी खात होती. ज्वारीच्या लाह्या, तीळ आणि शेंगदाणे गुळाच्या पाकात थापायचे, वरून वसमतच्या हळदीची भुकटी चोळायची, पट्ट्या कापून चकचकीत पाकिटात बंद करायच्या. बनवणारी रुबीना त्याला 'बार' म्हणायची आणि पाकिटावरही तेच छापलेलं होतं. पळणारी पोरं आणि पहाटेच्या एसटीच्या मास्तरणी तेवढा एक बार खिशात टाकून घर सोडायच्या. वैजनाथच्या मते पाकिटात मावतो तो नाश्ताच नव्हे. नाश्ता ताटलीत असतो आणि त्यातून वाफ निघते. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाची मतं अशी पक्की असतात. निवृत्त झाल्यावर तो प्रियंकाची गाडी चालवायचा आणि तिनं न मागितलेले सल्ले द्यायचा.

प्रियंका पूर्वी पोलिसात होती. आता एका हळदीच्या अडत्याच्या माडीवर तिचं ऑफिस होतं आणि धंदा म्हणाल तर लग्नाआधीच्या चौकश्यांचा. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं मोडलं का, असली कामं. खून तिच्या वाट्याला क्वचित यायचे. त्या सकाळी एक जिना चढून आला.

आलेल्या म्हाताऱ्याचा अर्धा जबडा शस्त्रक्रियेत गेलेला होता. गालाभोवती उपरणं गुंडाळून तो तोंडाच्या एका कडेनं बोलायचा. त्याच्या मागं तिशीचा एक ठेंगणा तरुण येऊन भिंतीपाशी थांबला. वैजनाथनं दोन खुर्च्या पुढं केल्या. म्हाताऱ्यानं एकीवर बूड टेकलं आणि दुसरीवर आपली पिशवी ठेवली.

"त्यांना बसू द्या की," वैजनाथ म्हणाला.

"तो उभा ऱ्हाईल. सवय हाय त्याला." म्हातारा प्रियंकाकडं वळला. "मी संतराम. सेनगावचा. बालाजीचा बाप."

बालाजीची गोष्ट जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक होती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत तो पळता पळता कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. सेनगाव तालुक्यात त्याच्यासारखा पळणारा दुसरा नव्हता. आधी सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. मग त्याच्या पोटात धोतऱ्याच्या बिया निघाल्या, आणि खिशातल्या अर्ध्या बारमध्येही तिळांच्या आड त्याच. पळण्यात त्याच्या खालोखाल होता जुनेद, रुबीनाचा धाकटा भाऊ. बार बहिणीचा, जागेसाठी चुरस भावाची. पोलिसांनी जुनेदला उचललं आणि रुबीनाच्या कारखान्याला टाळं ठोकलं.

"पोरगं धरलंय," संतराम म्हणाला. "पण फौजदार म्हणून राहिला, पुरावा कच्चा हाय. तुमी तो पक्का करून द्या."

"मी गुन्हेगार शोधते. ठरलेल्या माणसासाठी पुरावा शोधत नाही."

"एकच झालं की!"

"एक नाही. शोधताना दुसरंच कुणी निघालं तर?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "ज्यानं केलं त्याला फास बसला पाहिजे, बाई. मग तो कुणाचा का पोरगा असंना."

"कुणाचाही?"

"कुणाचाबी. लेकराच्या मातीची आण हाय मला."

वैजनाथनं तेव्हाच मनात जुनेदला फाशी देऊन टाकली.

संतरामनं मोबाईल काढला. "हा त्याचा शेवटचा व्हिडिओ. विजूनं काढलाय. ह्यानं." भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलाची ओळख तेवढ्यातच उरकली. विजयकुमार, बालाजीचा थोरला भाऊ.

व्हिडिओत बालाजी सगळ्यांच्या पुढं होता. पहिल्या फेरीला कॅमेऱ्याकडं बघून त्यानं हात हलवला. दुसऱ्या फेरीला तो वाकडातिकडा जायला लागला. मग थांबला आणि हवेतून काहीतरी वेचायला लागला. हसला. अंगातली बनियन ओढून काढली आणि कुणीच नव्हतं तिथं बघून बोलू लागला. चेहरा लाल, अंग कोरडं ठक्क. मागून येणारी पोरं त्याला वळसा घालून पुढं गेली. एक तेवढं आपली धाव सोडून परत फिरलं आणि त्यानं बालाजीला कवेत धरलं.

"हा कोण?" प्रियंकानं विचारलं.

"तोच तो, जुनेद. नाटक्या!"

बालाजी खाली पडला, पाय झाडले, मग पाय थांबले. चौकटीत तो शेवटपर्यंत बरोबर मधोमध होता. वैजनाथनं मान फिरवली. म्हातारा मात्र पापणी न हलवता बघत राहिला.

"रोज बघतो मी," तो म्हणाला. "दुसरं काय उरलंय?"

मग त्यानं पंचनाम्याचा फोटो दाखवला. पांढऱ्या कागदावर अर्धा खाल्लेला बार, शेजारी त्याचं एका टोकाला फाडलेलं पाकीट. बारच्या पिवळ्याधमक पाठीवर अंगठ्याचा लाल ठसा उमटलेला होता, पण सरकल्यामुळे त्याच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या.

"कुंकू हाय ते," संतराम म्हणाला. "फौजदारानंबी तेच लिवलंय. निघताना आमच्या हिनं ओवाळलं असंल."

"असेल? तुम्ही पाहिलं नाही?"

"म्या रानात व्हतो."

प्रियंकानं फोटो आपल्या मोबाईलवर घेतला आणि पाकिटाचं न फाडलेलं टोक मोठं करून बराच वेळ पाहिलं.

---

रुबीनाचा कारखाना म्हणजे तिच्या बापाच्या, महेबूबच्या पिठाच्या गिरणीमागची एक खोली. तिला पोलिसांचं कुलूप होतं. बाहेर बाजेवर तिची आई फातिमाबी बसल्या होत्या आणि रुबीना त्यांच्या पायाशी. महेबूब वकिलाकडं गेला होता.

"तुमाला बालाजीच्या बापानं पाठवलंय," फातिमाबी म्हणाल्या. "माझ्या लेकराला फाशी द्यायला."

"पाठवलंय त्यांनीच," प्रियंका म्हणाली. "रुबीना, बालाजीला तो बार तू दिलास?"

"न्हाई, मॅडम. आदल्या दिवशी मैदानावर मी पोरांपुढं खोका धरला. जुनेदसाठी करते तसं सगळ्यांसाठी केलं होतं. ज्यानं त्यानं हातानं उचलला. बालाजीभाऊ म्हणले, उद्या सकाळी खाईन, आणि खिशात टाकला."

"पाकीट बंद कसं करतेस?"

"हातमशिनीनं. दोन्ही टोकं दाबायची." तिनं ओट्यावरचा एक जुना बार दिला. दोन्ही टोकांना कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा होत्या.

"धोतरा ओळखतेस?"

"कोण न्हाई ओळखत? उकिरड्यावर उगवतो." ती रडवेली झाली. "मॅडम, जुनेदनं पळणं सोडलं त्याच्यासाठी. त्याची चाचणी बाद झाली. ते कुणीच काहून बघून नाही राहिलं?"

फातिमाबींनी पदरानं तोंड पुसलं. "गल्लीतल्या बाया माझ्याकडून आता विरजणसुद्धा नेत न्हाईत. म्हणतात, ह्यांच्या हातचं नको. या गावात माझ्या सासूचे केस पांढरे झाले, बाई."

बाहेर आल्यावर वैजनाथ म्हणाला, "आई म्हटल्यावर रडणारच. चोराचीही आई रडते."

"काका, तुमची अक्कल डेपोत जमा केलीत का निवृत्त होताना?" प्रियंका म्हणाली. तो गाडीत बसेपर्यंत फुगून होता.

मैदानावर बाबूसिंग राठोड भेटला. पोरांना पळायला शिकवणारा, फौजेतून आलेला उंचपुरा माणूस. तो बिडी ओढत चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या पट्ट्यांकडं बघत बसला होता.

"मी पोरांना सांगून ठेवलंय, पळायच्या आधी पोटात काही नको. पळून झालं की खा बार, खा केळी," तो म्हणाला. "बालाजीनं माझा शब्द कधी मोडला न्हाई. त्या दिवशीच काहून मोडला, तेच समजून नाही राहिलं. मला म्हणला, 'सर, घरच्यांनी लई आग्रह केला, अर्धाच खाल्ला.'"

"घरच्यांनी म्हणजे कुणी?"

"इचारलं न्हाई. इचारायला पाहिजे होतं." त्यानं बिडी विझवली. "जुनेदचं सांगतो. दोघं एका ताटात जेवायचे. तुमाला पटो न पटो."

---

सेनगावच्या घरी बालाजीची आई पार्वतीबाई एकट्याच होत्या. चुलीपुढं बसल्या होत्या, पण चूल पेटलेली नव्हती. प्रियंका त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"मावशी, त्या दिवशी बालाजीला ओवाळलंत?"

बाईंनी इतक्या वेदनेनं पाहिलं की वैजनाथ दारातच थबकला.

"न्हाई ओवाळलं. चुलत दिराचं सुतक चालू व्हतं. देवाला शिवले न्हाई, कुंकवाचा करंडा उघडला न्हाई. लेकरू तसंच गेलं, कोऱ्या कपाळाचं. म्या म्हणलं, परत आल्यावर ओवाळीन."

"खायला काय दिलंत?"

"भाकरी टाकून राहिले व्हते. भाकरी-पिठलं खाल्ल्याबिगर घराभायेर पडू देत न्हाई म्या. पण विजू म्हणला, आई, ऱ्हाऊ दे, पोटाला जड व्हईल, त्याच्याकडं ती वडी हाय, तीच खाऊ दे. फटफटीवर बसवायच्या आदी त्यानंच आणून दिली बाळाच्या हातात. बाळ नगं म्हणत व्हता. विजू म्हणला, माझ्यासाठी खा. लई जीव थोरल्याचा त्याच्यावर."

"घरात तंबाखू कोण खातं?"

वैजनाथला हा प्रश्न कुठून आला ते कळेना. पार्वतीबाईंनी कानाला हात लावले.

"ह्यांचा जबडा गेला त्याच्यात, बाई. दवाखान्यात दोनी पोरांनी बापाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. घरात सुपारीचं खांड सापडायचं न्हाई."

तेवढ्यात संतराम रानातून आला. लेकाचं बोलणं निघालं तसा तो खुलला. "अवो, बालाजीची गोष्टच येगळी! शिरड शहापूरची पुनम, ती थोरल्याला दाखवायला आणली व्हती. त्यांनी धाकट्याला बघितलं अन् मन पालटलं. म्हणले, पोलीस व्हणाऱ्याला देतो. म्या म्हणलं, द्या की! सून घरातच येती ना! ह्यानं काय, झेरॉक्स काढावं." तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

पार्वतीबाई खाली मान घालून पीठ नसलेली परात पुसत राहिल्या.

विजयकुमारचं दुकान बसस्टँडसमोर होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. भिंती निळ्या, सगळं टापटीप. त्यानं दोघांना चहा मागवला. वैजनाथ काउंटरपाशी त्याच्याच स्टुलावर टेकला. उठताना बघतो तर काळ्या पँटच्या गुडघ्यावर पांढरे फराटे.

"रंग ओला आहे वाटतं," तो गुडघा झटकत म्हणाला. प्रियंका निळ्या भिंतीकडं बघून उगीचच हसली.

"तुम्हीही भरती दिली होती ना?" तिनं विजयकुमारला विचारलं.

"तीनदा. उंचीत बसलो न्हाई." तो शांत बोलायचा. "बालाजी बसला. अण्णांची उंची त्याला आली, मला आईची."

"व्हिडिओ फार स्पष्ट आलाय. हात जरासुद्धा हलला नाही तुमचा."

त्यानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. "अण्णांनी सांगितलं होतं, नीट काढ म्हणून."

प्रियंकानं आपलं व्हिजिटिंग कार्ड त्याच्याकडून लॅमिनेट करून घेतलं. गाडीत बसल्यावर ती त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. कडा आरशासारखी गुळगुळीत होती.

"कशाला ते?" वैजनाथनं विचारलं.

"आवडलं मला. काका, उद्या सकाळी संतरामच्या घरी सगळ्यांना बोलवायचं. आणि नाश्ता आपल्याकडून."

---

संतरामच्या सोप्यात सगळे जमले होते. फौजदार खुर्चीवर, बाबूसिंग खांबाला टेकून, फातिमाबी दाराजवळ आखडून बसलेल्या. त्यांना संतरामनं आत यायला मनाई केली होती, पण प्रियंकानं हाताला धरून आणलं. पार्वतीबाई चौकटीत होत्या आणि विजयकुमार नेहमीसारखा भिंतीपाशी.

प्रियंका मात्र बोलायचं नाव घेईना. एका फोनची वाट बघतेय म्हणाली. सूर्य अंगणात आला. माणसं चुळबुळ करू लागली. विजयकुमार दोनदा मागच्या गोठ्याकडं जाऊन आला. वैजनाथच्या पोटात कावळे ओरडत होते.

मग तिनं पिशवीतून रुबीनाचे बार काढले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. संतरामनं तो जमिनीवर फेकला. "इख वाटता का माझ्या घरात?"

"खायचा नाही. पाकिटातून काढायचा, अंगठ्यानं दाबून मोडायचा आणि समोर ठेवायचा. एवढं करा. तुमच्या लेकाची आण आहे."

म्हाताऱ्यानं बार उचलला. सोप्यात कटकट आवाज झाले. प्रियंका सगळ्यांपुढून चालत गेली. संतरामचा अंगठा पिवळा, पार्वतीबाईंचा पिवळा, बाबूसिंगचा, फातिमाबींचा, फौजदाराचा, वैजनाथचा, सगळ्यांचे पिवळे.

विजयकुमारच्या बारवर अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता.

त्यानं तो पाहिला आणि हात पाठीमागं नेला.

"ही काय जादू?" फौजदार उठला.

"जादू नाही. काकांचा शर्ट आहे," प्रियंका म्हणाली. "हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. चुना लागला तरी तेच होतं. जुन्या बाया घरी कुंकू करायच्या ते हळदीत चुना घालूनच. फोटोतलं लाल पाहून सगळे म्हणाले कुंकू. पण या घरात सुतक होतं, करंडा उघडलाच नव्हता. रुबीनाच्या घरी कुंकू नसतं. मग उरला चुना. आणि अंगठ्याला चुना कुणाच्या असतो? तळहातावर तंबाखू मळणाऱ्याच्या."

"माझ्या घरात तंबाखू न्हाई!" संतराम ओरडला.

"तुमच्या डोळ्यांसमोर नाही. म्हणून तर तो अंगठा लपून पुसावा लागतो. दुकानाच्या भिंती निळ्या, आणि काकांच्या गुडघ्याला पांढरे फराटे लागले काउंटरच्या खालून. बसस्टँडचे खांब बघा, उरलेला चुना लोक तिथंच पुसतात. आज मी मुद्दाम ताटकळत ठेवलं. तलफ माणसाला दोनदा गोठ्याकडं घेऊन गेली."

"तंबाखू खाणं म्हणजे खून नव्हे," विजयकुमार म्हणाला. आवाज अजून शांत होता.

"नाही. नुसता ठसा असता तर मी गप्प बसले असते. पण तो ठसा पाकिटातून बाहेर न आलेल्या अर्ध्या भागावर होता, म्हणजे बार कुणीतरी उघडला, त्यात बिया दाबल्या आणि पाकीट पुन्हा बंद केलं. रुबीनाला ते करायची गरज काय? तिला थापतानाच घालता आल्या असत्या. आणि तिच्या मशिनीच्या टोकाला रेघा पडतात. फोटोतल्या पाकिटाचं न फाडलेलं टोक गुळगुळीत आहे, माझ्या कार्डासारखं. लॅमिनेशनच्या रोलरमधून निघालेलं."

तिचा मोबाईल वाजला. तिनं तो न उचलता फौजदाराकडं दिला. त्यानं ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडमच्या सांगण्यावरून दुकानात माणसं पाठवली होती. रोलरच्या कडेला हळद आणि गुळाचा चिकटा निघालाय."

"जुनेदचं म्हणाल," प्रियंका पुढं म्हणाली, "तर जिंकण्यासाठी विष घालणारा माणूस, विष लागू पडल्यावर आपली धाव सोडून परत फिरत नाही. त्यानं स्वतःची भरती घालवली. त्याच वेळी एक माणूस मात्र जागचा हलला नाही. भाऊ हवेत हात मारतोय, अंगावरचे कपडे फाडतोय, मरतोय, आणि कॅमेरा तसूभर हलत नाही. हातातला मोबाईल टाकून धावला नाहीत, विजयकुमार, तुम्ही. आईची भाकरीही तुम्हीच थांबवलीत. बाबूसिंगचा नियम त्यानं तुमच्या शब्दाखातर मोडला."

वैजनाथला आठवला तो हवेतून काहीतरी वेचणारा हात. काल या माणसाच्या दुकानात त्यानं चहा घेतला होता आणि वर चांगला झालाय म्हणालाही होता.

विजयकुमार भिंतीवरून घसरून खाली बसला. बापासमोर तो बसलेला वैजनाथनं पहिल्यांदाच पाहिला.

"मरावा असं नव्हतं," तो म्हणाला. "धोतरा खाल्ला की माणूस येड्यागत करतं, तेवढंच माहीत होतं. सगळ्या मैदानापुढं त्यानं येड्यागत करावं. अण्णांनी ते घरी बसून बघावं, परत परत बघावं. म्हणून काढत होतो. पडला तेव्हा वाटलं, उठंल. उठलाच न्हाई."

"तो तुला दादा म्हणायचा रे," बाबूसिंग म्हणाला.

"पुनमबी दादाच म्हणली मला. चहाचा कप हातात देताना. सगळे हसले तवा. अण्णा सगळ्यात जास्त."

संतराम उठला. कुणाला कळायच्या आत त्यानं फौजदाराचे पाय धरले, मग प्रियंकाचे. गालावरचं उपरणं सुटलं आणि अर्धा जबडा उघडा पडला.

"बाई, एक गेला. हा तरी ठेवा मला. मी तुमाला काय बोललो ते इसरा. ते पोरगं धरलेलंच हाय, ऱ्हाऊ द्या त्याला. त्याच्या आईला पोरगी तरी हाय. आमाला कोण हाय?"

हे तो फातिमाबींच्या समोर म्हणाला. त्या तिथं आहेत हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"मी विचारलं होतं, कुणाचाही का," प्रियंका म्हणाली आणि पाय सोडवून घेतले. तिच्या आवाजात दया नव्हती, आणि वैजनाथला त्या क्षणी तिचा राग आला. मग त्यानं फातिमाबींकडं पाहिलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

पार्वतीबाई चौकटीतून पुढं आल्या. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. फातिमाबींपुढं उभ्या राहून त्यांनी हात जोडले. "तुमचं लेकरू घरी न्या, बाई. माझी दोनी गेली."

माफ केलं असं फातिमाबींना म्हणता आलं नाही आणि त्या म्हणाल्याही नाहीत. जुनेद दुपारी सुटणार होता. भरतीची यादी मात्र लागून गेली होती, आणि रुबीनाच्या कारखान्याचं कुलूप निघालं तरी गल्लीतलं कुणी तिथं लवकर फिरकणार नव्हतं.

फौजदारानं विजयकुमारला उठवलं. उंबऱ्यापाशी तो थांबला आणि बापाकडं वळला.

"अण्णा, तो व्हिडिओ पुसू नका," तो म्हणाला. "आता तुमाला दोघंबी त्यातच भेटतील."

जीप गेली. सोप्यात मोडलेले बार तसेच पडले होते आणि मुंग्यांची रांग लागली होती. वैजनाथ गाडीची किल्ली शोधत होता तेव्हा त्याला सोप्यातून मैदानावरचा गलका ऐकू आला. म्हाताऱ्यानं मोबाईल सुरू केला होता. इतके दिवस तो चौकटीत मधोमध पळणाऱ्या पोराकडं बघत आला होता. आज त्यानं डोळे मिटून मोबाईल कानाला लावला होता, आणि कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या दुसऱ्या पोराचा सावकाश, एकसारखा चाललेला श्वास तो पहिल्यांदाच ऐकत होता.